पदवीच्या वर्गात पहिले पुस्तक

महाविद्यालयांचे नवे सत्र सुरू झाले की इंग्रजीच्या प्राध्यापकांच्या खोलीत एक जुने गाऱ्हाणे नव्याने ऐकू येऊ लागते. पदवीच्या प्रथम वर्षात आलेल्या मुलांना इंग्रजीत एक वाक्यही धड लिहिता येत नाही. कर्ता एकवचनी तर क्रियापद अनेकवचनी, एकाच वाक्यात भूतकाळ दोनदा, पूर्णविराम कोठे द्यावा याचा तर पत्ताच नाही, असे त्या गाऱ्हाण्याचे स्वरूप असते. ते खोटे आहे असे कोणी म्हणणार नाही. महाराष्ट्रात सन २००० पासून पहिल्या इयत्तेतच इंग्रजीस आरंभ होतो. म्हणजे आज पदवीच्या वर्गात पाऊल टाकणारा विद्यार्थी, तो मराठी शाळेतून आलेला असला तरी, बारा वर्षे ही भाषा शिकून आलेला असतो. बारा वर्षांच्या काळास आपल्याकडे तप म्हणतात. एका तपानंतरही ज्यास 'मी काल पुण्यास गेलो नाही' एवढे इंग्रजीत बिनचूक सांगता येत नाही, त्याच्या हाती विद्यापीठ कोणते पुस्तक देते, हा प्रश्न आम्हांस त्या गाऱ्हाण्यापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो.

विद्यापीठ त्याच्या हाती कथा, निबंध आणि कविता यांचा एक संग्रह देते. त्याच्या जोडीला 'संभाषणकौशल्ये' या नावाखाली मुलाखतीस कसे जावे, अर्ज कसा करावा, गटचर्चेत कसे बोलावे यांची प्रकरणे असतात. वर्गात प्राध्यापक कथेचे सार सांगतात आणि बहुधा मराठीतूनच सांगतात. मुले गाइडातील उत्तरे पाठ करतात, परीक्षेत ती उतरवितात आणि उत्तीर्ण होतात. या सगळ्या व्यवहारात विद्यार्थ्याने स्वतःच्या मनातील एखादे वाक्य स्वतः जुळवून कागदावर लिहिले आणि कोणी ते तपासून त्यास परत दिले, असा प्रसंग सबंध पदवी-अभ्यासक्रमात एकदाही न येणे सहज शक्य आहे. अर्जाचा नमुना तोंडपाठ आहे, पण त्या अर्जातले पहिले वाक्य नमुन्याबाहेरचे असेल तर लेखणी थांबते. हा आधी कळस मग पाया असा प्रकार झाला.

यावर 'आमच्या वेळी असे नव्हते' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. जुना मॅट्रिक आजच्या एम. ए. ला इंग्रजी शिकवील, हे वाक्य तर आपल्याकडे म्हणीसारखे होऊन बसले आहे. जुने अहवाल मात्र निराळेच सांगतात. लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत, १९०२ साली, नेमलेल्या विद्यापीठ आयोगाने मॅट्रिक होऊन कॉलेजात येणाऱ्या विद्यार्थ्यांस इंग्रजीतील व्याख्याने समजत नाहीत अशी तक्रार नोंदवून ठेवली आहे. आणि ती अशा काळातली की, जेव्हा हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत बहुतेक विषय इंग्रजीतूनच शिकविले जात. जुन्या मॅट्रिकांपैकी जे आपणांस आठवतात ते कठोर परीक्षेच्या चाळणीतून पार पडलेले थोडे लोक. अडकून राहिलेल्यांची पत्रे कोणी जपून ठेवली नाहीत. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात इंग्रजीचा आरंभ आठवीवर नेला गेला, पुढे महाराष्ट्रात तो पाचवीवर आला आणि २००० साली पहिलीवर. प्रत्येक वेळी सभा झाल्या, अग्रलेख झाले, भांडणे झाली. इयत्ता पुढेमागे सरकत राहिली. त्या इयत्तेत वाक्य कसे शिकवावे याविषयी मात्र फारसे कोणी भांडले नाही.

हे काम कोणाचे, असे विचारले तर प्राध्यापक शाळेकडे बोट दाखवितात, हायस्कुलातले शिक्षक प्राथमिक शाळेकडे. पत्रव्यवसायात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे, आणि खालच्या इयत्तेकडे बोट दाखविण्याची ही विद्या आमच्या चांगल्या परिचयाची आहे. तिचा दोष एवढाच की तिने कोणाचे काही शिकून होत नाही. विद्यार्थी अठरा वर्षांचा होऊन समोर बसला आहे. त्यास पुन्हा पाचवीत पाठविता येत नाही. तेव्हा कर्ता, क्रियापद, कर्म, काळ आणि जोडवाक्य एवढा इंग्रजीचा पाया विद्यापीठाने आपल्याच वर्गात, उघडपणे, मराठीच्या आधाराने आणि त्यात कमीपणा न मानता शिकविला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कमीपणाचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. 'एम. ए., पीएच. डी. झालेल्या माणसाने प्रथमपुरुषी आणि तृतीयपुरुषी क्रियापदे शिकवावयाची काय?' असा भाव अनेक विद्वानांच्या मनात असतो; तो ते सहसा बोलून दाखवीत नाहीत इतकेच. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे मुंबई विद्यापीठाच्या १८५९ सालच्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांपैकी एक. पुढे ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि प्राच्यविद्येत युरोपातील पंडितांनीही त्यांचा अधिकार मानला. त्याच भांडारकरांनी नवशिक्यांसाठी संस्कृतचे पहिले पुस्तक लिहिले, आणि मग दुसरे. त्यांची मांडणी साधी आहे: थोडे नियम, थोडे शब्द आणि दोन्ही बाजूंनी भाषांतर करण्यासाठी छोटी छोटी वाक्ये. इंग्रजीपुरते तसलेच काम मराठी घरांत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने केले. पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'बो जेस्ट' या कादंबरीने त्यांचे नाव जगभर झाले. आज आपल्याकडे ती कादंबरी क्वचित कोणाला आठवत असेल. रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण मात्र पुस्तकांच्या दुकानांत अजून मागितले जाते. नवशिक्याचे पुस्तक लिहिल्याने किंवा शिकविल्याने यांपैकी कोणाची विद्वत्ता उणी झाली नाही.

आता मराठीच्या आधाराने असे जे आम्ही म्हटले, त्याचा थोडा खुलासा करणे अवश्य आहे. विद्यार्थ्याच्या ज्या वाक्याखाली आपण लाल रेघ ओढतो, त्याच्यामागे बहुतेक वेळा एक शुद्ध मराठी वाक्य उभे असते. 'वाघाने शेळी मारली', 'शेळी वाघाने मारली', 'शेळी मारली वाघाने' ही तिन्ही वाक्ये मराठीत एकच घटना सांगतात, कारण मारणारा कोण हे 'ने' हा प्रत्यय सांगतो. शब्द कोठेही बसवा, वाघाचे वाघपण जात नाही. इंग्रजीने असले प्रत्यय केव्हाच टाकून दिले. 'द टायगर किल्ड द गोट' यातील दोन नामांची जागा बदला, की शेळीने वाघ मारलाच म्हणून समजा. इंग्रजीत शब्दाची जागा हाच त्याचा प्रत्यय होय, एवढी एक गोष्ट अठरा वर्षांच्या मुलाला एका तासात समजते. ती त्याला बारा वर्षांत कोणी सांगितलेली नसते. त्याने फक्त शेकडो वाक्ये पाहिलेली असतात.

दुसरे उदाहरण घ्या. 'काल आलो' हे मराठीत पुरे वाक्य आहे, कारण 'मी' हा 'आलो' यातच आहे. इतकेच नव्हे, तर 'उजाडले', 'सांजावले', 'मळमळते' अशी नुसत्या क्रियापदांची वाक्ये आपण करतो आणि आपले व्याकरण त्यांस भावकर्तृक क्रियापदे म्हणून ओळखते. इंग्रजीस कर्त्याची जागा रिकामी खपत नाही. तेथे बसविण्यास कोणी नसेल तर 'इट' नावाचे एक बाहुले बसवितात आणि मग 'इट इज रेनिंग' असे म्हणतात. हे 'इट' म्हणजे कोण, असे विद्यार्थी विचारतो तेव्हा तो मूर्खपणा करीत नसतो; त्याला 'सांजावले' आठवत असते. शिक्षकाने ते शब्दाने आठवून दिले तर प्रश्नाचे उत्तर तेथेच मिळते.

क्रियापदाच्या बाबतीत तर आपल्या मुलांचे कौतुकच करावयास हवे. 'मुलगा आंबा खातो', 'मुलाने आंबा खाल्ला', 'मुलाने पोळी खाल्ली', 'मुलाने आंबे खाल्ले' असे एकदा कर्त्याकडे आणि एकदा कर्माकडे पाहणारे क्रियापद आपला शेतमजुराचा मुलगाही शाळेत जाण्यापूर्वी बिनचूक वापरतो. त्यापुढे तृतीयपुरुषी एकवचनास एक 'स' लावण्याची इंग्रजीची मागणी ती काय! पण तोच मुलगा तो 'स' विसरतो, कारण इंग्रजी क्रियापद कोणाकडे पाहते हे त्यास माहीत नसते. ते नेहमी कर्त्याकडेच पाहते, कर्म कितीही जवळ असो. कर्तरी आणि कर्मणी प्रयोग ज्याने मराठीच्या तासाला घोकले आहेत, त्यास हे त्याच शब्दांत सांगता येते. दादोबा पांडुरंग यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणांचा नमुना होता. दोन्ही भाषांचे व्याकरण सांगण्याची आपली परिभाषा त्यामुळे पुष्कळशी जुळती आहे. तिचा उपयोग इंग्रजीच्या तासाला निषिद्ध का असावा, हे आम्हांस कधीच कळले नाही.

'आय डिड नॉट वेंट' ही सर्वांत बदनाम चूक. मराठीत 'गेलो नाही' म्हणताना भूतकाळ 'गेलो' मध्येच राहतो. इंग्रजीत नकार आला की भूतकाळ मुख्य क्रियापदावरून उठून 'डिड' वर जाऊन बसतो आणि मुख्य क्रियापद मोकळे होते. विद्यार्थी तो दोन्हीकडे ठेवतो. जुना सोडवत नाही आणि नवा तर नियमाने आलेला. 'दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट' यातला 'बट' आला आहे आपल्या 'जरी-तरी' तून. 'विच बॉय केम यस्टर्डे, ही इज माय ब्रदर' हे 'जो मुलगा काल आला तो माझा भाऊ' याचे प्रामाणिक भाषांतर आहे. आणि 'तो म्हणाला की मी येईन' यात 'मी' म्हणजे तोच, हे मराठी माणसास सांगावे लागत नाही. 'ही सेड दॅट आय विल कम' असे झाले की इंग्रज वाचक लिहिणाऱ्याचीच वाट पाहत बसतो.

'ए', 'ॲन' आणि 'द' यांस मात्र मराठीत कोणताही आधार नाही. त्यांचे नियम सांगता येतात, पण ते पुष्कळ वाचनाने आणि सावकाश अंगवळणी पडतात. आमच्या मते पहिल्या वर्षी त्यांच्यासाठी एकही गुण कापू नये. ज्या वाक्यात कर्ता सापडत नाही, त्यातील 'द' साठी रुसून बसण्यात अर्थ नाही.

हा प्रश्न केवळ परभाषा शिकणाऱ्यांचा आहे असेही नाही. न्यूयॉर्कच्या नगर विद्यापीठाने १९७० साली शहरातील शाळा पार केलेल्या सर्वांस आपले दरवाजे उघडले. गरीब वस्त्यांतील, घरात निराळी बोली वा निराळी भाषा बोलणारी मुले वर्गात आली, आणि त्यांचे लिखाण पाहून अनेक प्राध्यापकांनी कपाळावर हात मारला. मीना शॉनेसी या अध्यापिकेने तसे केले नाही. त्यांनी अशा विद्यार्थ्यांचे सुमारे चार हजार निबंध वाचून काढले आणि १९७७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. या चुका अंदाधुंद नसतात, त्यांस स्वतःचे तर्कशास्त्र असते, आणि ते ओळखल्यावाचून शिकविणे व्यर्थ आहे, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्याकडे चार हजार उत्तरपत्रिका तर एका लहानशा परीक्षाकेंद्रातून निघतात. त्या तपासल्या जातात, बांधल्या जातात आणि रद्दीत जातात. मराठी विद्यार्थी इंग्रजी वाक्य कोठे मोडतो याची पाहणी करण्यास याहून मोठे साधन कोणास हवे?

व्याकरण शिकवून भाषा येत नाही, हा आक्षेप आमच्या ध्यानात आहे, आणि तो घेणारे लोक सामान्य नाहीत. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास अशा दक्षिण भारतातील ठिकाणच्या शाळांत प्रयोग केला. मुलांपुढे नियम न मांडता नकाशे, वेळापत्रके, कोडी अशी कामे ठेवावयाची. ती सोडविताना भाषा आपोआप आत उतरते, असा त्यांचा विचार होता. भाषाशिक्षणाच्या जगात त्या प्रयोगाची चर्चा अद्याप होते. परंतु तो शाळेतील मुलांसाठी होता, ज्यांच्यापुढे पुष्कळ तास आणि पुष्कळ वर्षे पडलेली असतात. नव्या शैक्षणिक धोरणातील हिशेबाने एका क्रेडिटास पंधरा तास. दोन क्रेडिटांच्या इंग्रजीस एका सत्रात तीस तास मिळतात. तीस तासांत भाषा आपोआप उतरत नाही. प्रौढ बुद्धीच्या विद्यार्थ्यास नियम सांगितला तर तो समजतो, हाच त्याचा लाभ आहे, आणि तो आपण उगाच सोडून देतो.

इंग्रजी माध्यमातून आलेली मुले या तीस तासांत कंटाळतील, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. त्यांची जीभ भरभर चालते. लिहावयास बसविले की त्यांचीही लांब वाक्ये मध्येच तुटतात.

या सगळ्याची झळ कोणास लागते? केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत उमेदवारास इतर उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येतात. पण इंग्रजीचा तीनशे गुणांचा एक पेपर आहेच. तो केवळ पात्रतेपुरता असून त्यात पंचवीस टक्के गुण लागतात. ते न मिळाले, तर मराठीत कितीही उत्तम लिहिले असले तरी ते गुणवत्तेत धरले जात नाही. तालुक्याच्या न्यायालयात मराठीतून उत्तम युक्तिवाद करणारा वकील उच्च न्यायालयाच्या पायरीशी अडतो, कारण राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाने तेथील भाषा आजही इंग्रजीच आहे. ही स्थिती असावी की नसावी हा वेगळा विषय; ती नसावी असे मानणाऱ्यांतच आमची गणना होईल. पण ती आहे तोवर शहरातील सधन घरातील मुलगा शिकवणीला जाऊन वाक्य दुरुस्त करून घेतो, आणि ज्याच्यासाठी महाविद्यालय हीच एकमेव शिकवणी आहे तो तेथून हात हलवीत परत येतो.

आमच्या स्वतःच्या व्यवसायातील एक दाखला देतो. उपसंपादकाच्या जागेसाठी येणाऱ्या पदवीधरांस वृत्तसंस्थेच्या बातमीचे मराठी करावयास देण्याची वृत्तपत्रांत रीत आहे. 'द मिनिस्टर डिनाइड दॅट द ऑफिसर हू हॅड कंप्लेन्ड वॉज ट्रान्स्फर्ड' अशा धर्तीचे वाक्य आले की 'तक्रार करणाऱ्या अधिकाऱ्याची बदली मंत्र्यांनी नाकारली' असे उत्तर हमखास मिळते. तक्रार करणाऱ्या अधिकाऱ्याची बदली झाल्याचा मंत्र्यांनी इन्कार केला, असे ते वाक्य सांगत आहे. यातला एकही शब्द उमेदवारास अनोळखी नसतो. कोणते क्रियापद कोणत्या कर्त्याचे, एवढेच त्याला उलगडत नाही, आणि तेवढ्याने बातमी उलटी होते. उद्या ती छापली गेली तर मंत्री, अधिकारी आणि वाचक या तिघांवरही अन्याय.

आता संगणकच वाक्य लिहून देतो, दुरुस्तही करून देतो, मग हा खटाटोप कशास, असे तरुण मित्र आम्हांस विचारतात. यंत्र सफाईदार वाक्य देते, यात वाद नाही. वरील मंत्र्यांचे वाक्य त्यापुढे ठेवले तर ते बहुधा योग्य भाषांतर करील. पण यंत्राने दिलेले वाक्य आपल्या मनातलेच आहे की भलतेच, हे ठरविणारा अखेर माणूसच. आणि त्यास कर्ता कोण हे ओळखता येत नसेल तर तो ज्या कागदावर सही करतो तो त्याने वाचलेलाच नसतो.

मुख्य अडचण मनुष्यबळाची आहे, हे आम्ही जाणतो. एका तुकडीत शंभराहून अधिक मुले. शिकविणारे पुष्कळदा तासिका तत्त्वावरचे, म्हणजे एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे धावणारे आणि मानधनाची वाट पाहणारे. शंभर वह्यांतील एकेक पान तपासण्यास प्रत्येकी तीन मिनिटे धरली तरी पाच तास होतात. ते दर आठवड्यास कोणी देऊ शकणार नाही. म्हणून पान मागूच नये. आठवड्यास पाच वाक्ये मागावीत, मराठीतून इंग्रजीत, त्या आठवड्याच्या एकाच नियमावर. एका वहीस एक मिनिट पुरते. शंभर वह्या पावणेदोन तासांत हातावेगळ्या होतात. चुकलेले वाक्य विद्यार्थ्याने पुन्हा लिहून आणावे. परीक्षेतही कथेच्या सारांशाऐवजी न पाहिलेल्या मराठी वाक्यांचे इंग्रजी करावयास द्यावे, म्हणजे गाइडे छापणाऱ्यांस काही काळ दुसरा धंदा शोधावा लागेल.

वह्या तपासण्यासाठी प्राध्यापक कमी पडत असतील तर निवृत्त शिक्षक आहेत. तर्खडकरांच्या तिन्ही भागांवर ज्यांचे शिक्षण झाले आणि ज्यांनी तीस-तीस वर्षे हायस्कुलात इंग्रजी शिकविले, अशी माणसे प्रत्येक तालुक्याच्या गावी दोन-चार तरी सापडतील. सकाळी वर्तमानपत्र वाचून झाल्यावर त्यांच्यापुढे मोकळा दिवस असतो, आणि लाल पेन्सिल अजून त्यांच्या खिशात असते. त्यांना विचारावयास आजवर एखाद्या महाविद्यालयाने शिपाई तरी पाठविला आहे काय?